बूड लागू नये म्हणून

माझ्या लहानपणी करवीर तालुक्यातल्या आमच्या मळ्यात दरवर्षी गुऱ्हाळ लागायचं. चुलवाणात चिपाडं सारणाऱ्या गड्याला गुळव्या ओरडून सांगायचा, "जाळ कमी कर की रं, बूड लागंल!" आधी काहील तापते, मग तिच्यामुळे रस तापतो. ढवळणं थांबलं की तळ करपतो आणि वरचा रस कच्चाच राहतो. पुढे शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. करताना तेलात तापणाऱ्या काचेच्या फ्लास्कजवळ तासन्‌तास बसले, तेव्हा हीच अडचण पुन्हा समोर आली.

फ्लास्कमध्ये पॉलिमर तयार होत होतं. पॉलिमर म्हणजे लहान लहान रेणूंची लांबच लांब माळ. नायलॉन ही अशी माळ आहे, पॉलिएस्टर आहे, कापसाचा धागाही आहे. नायलॉनसारख्या माळेत दोन मणी जोडले जाताना बहुधा पाण्याचा एक रेणू सुटतो. तो बाहेर गेला तरच माळ वाढते. पण माळ वाढेल तसं मिश्रण पाकासारखं घट्ट होतं. मग उष्णता आत पोचत नाही, कडेचा भाग पिवळा पडतो आणि मधला मागे राहतो.

मायक्रोवेव्हची तऱ्हा वेगळी. तिथे भांडं मधे येत नाही. काचेतून लहरी आरपार जातात आणि पदार्थाला आतूनच तापवतात. घरातल्या ओव्हनमध्ये विद्युतक्षेत्र सेकंदाला २४५ कोटी वेळा हेलकावतं. पाण्याचे रेणू त्या तालावर वळायला बघतात, एकमेकांवर घासतात आणि तापतात. अमेरिकेत पर्सी स्पेन्सर यांनी १९४५च्या सुमारास हे स्वयंपाकासाठी वापरायचं ठरवलं. १९८६मध्ये कॅनडा आणि अमेरिकेतल्या रसायनशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की तासांच्या अभिक्रिया अशा ओव्हनमध्ये मिनिटांत होतात.

आता रेणू ज्यात विरघळवून अभिक्रिया करतात त्या द्रावकाकडे येऊ. नेहमीचे द्रावक उडून जातात, त्यांचा वास डोक्यात चढतो, काही पेटही घेतात. त्यांना एक पर्याय म्हणजे आयनी द्रव, चक्क वितळलेला क्षार. आपलं मीठ वितळायला ८०१ अंश सेल्सियस लागतात, कारण त्याचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, विटांसारखे नेटके रचलेले असतात. त्यांच्या जागी मोठे, वेडेवाकडे आयन घेतले तर ते ओबडधोबड दगडांसारखे नीट बसतच नाहीत आणि क्षार १०० अंशांच्या आतच पातळ होतो. पॉल वाल्डेन यांनी १९१४मध्ये नोंदवलेला असा एक क्षार तर अवघ्या १२ अंशांना वितळतो. हे द्रव सहसा वाफ होऊन उडत नाहीत. शिवाय त्यांच्यातला कण न्‌ कण विद्युतभारित असल्यामुळे मायक्रोवेव्ह ते झपाट्याने शोषतात.

म्हणून ही जोडी जमते. इराणमधल्या इस्फहानच्या शादपूर मल्लाकपूर यांनी वितळलेले क्षार आणि मायक्रोवेव्ह वापरून पॉलिअमाइडसारखी पॉलिमरं मिनिटांत बनवली. मात्र हा द्रव इतक्या भराभर तापतो की क्षणभर दुर्लक्ष झालं तर तो स्वतःच मोडायला लागतो. म्हणून प्रयोगशाळेतल्या यंत्रात ढवळणी आणि तापमानावरचं नियंत्रण लागतंच. घरच्या ओव्हनमध्ये हे कुणी करून पाहू नये.

कोल्हापूरची म्हणून मला सर्वांत जवळचा वाटतो तो २००२चा प्रयोग. अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठात रॉबिन रॉजर्स यांच्या गटाने कापसाचा धागा ज्याचा बनतो ते, पाण्यात न विरघळणारं सेल्युलोज आयनी द्रवात विरघळवलं. त्यातले क्लोराइड आयन सेल्युलोजच्या माळांना एकमेकींना बांधणारे बंध सोडवतात. नुसतं तापवून वजनाने १० टक्के सेल्युलोज विरघळलं, तर मायक्रोवेव्हचे काही सेकंदांचे झटके देत, मधे ढवळत, २५ टक्क्यांपर्यंत मजल गेली. त्यात पाणी घातलं की सेल्युलोज पुन्हा बाहेर येतं. त्याचा धागा ओढता येतो, पातळ पापुद्राही करता येतो.

वाळलेल्या चिपाडात साधारण ४० ते ५० टक्के सेल्युलोज असतं. म्हणजे आपल्या शिवारात ऊस ही माळ आधीच ओवून ठेवतो. चिपाड जाळून आम्ही गूळ केला, कारखाने त्यावर बॉयलर चालवतात, वीजही करतात. ते वाया जातं असं मी म्हणणार नाही. पण त्यातला थोडा भाग धाग्यासाठी किंवा वेष्टनासाठी वापरता आला, तर शेतकऱ्याच्या उसाला आणखी एक वाट मिळेल.

ती वाट सोपी नाही. आयनी द्रव महाग असतात, मधासारखे दाट असतात आणि काही पाण्यातल्या जीवांना घातकही आहेत. उडत नाहीत एवढ्यावर त्यांना पर्यावरणस्नेही म्हणता येणार नाही. पंचगंगा नदीचं पाणी पिऊन वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी दोन नोंदी ठेवायला लावते: माळ किती लांब झाली, आणि घातलेल्या द्रवापैकी किती परत हाती आला. दुसरा आकडा कोरा असेल तर वही परत देते.