फाशीची शिक्षा झाली म्हणजे गुन्हा सिद्ध झाला का? नाशिकच्या एका खटल्याची सोळा वर्षं

एखाद्या खटल्यात फाशीची शिक्षा झाल्याची बातमी आली की त्याच संध्याकाळी मोबाइलवर मेसेज सुरू होतात. "अखेर इन्साफ झाला." "आता उशीर कशाला, लटकवून टाका." आरोपी आपल्या समाजातला असेल तर आपल्या ग्रुपवर सूर वेगळा असतो: "आपल्यालाच अडकवतात." दोन्हीकडे खटल्याची कागदपत्रं कुणी वाचलेली नसतात. आणि दोन्हीकडे एक गोष्ट लक्षात घेतली जात नाही, ती म्हणजे खालच्या कोर्टाने फाशी सुनावली तरी खटला संपलेला नसतो. कायद्याच्या दृष्टीने तो तिथून पुढे चालू होतो.

हा पुढचा रस्ता नेमका कसा असतो आणि तो का असायलाच हवा, हे समजून घेण्यासाठी आम्ही महाराष्ट्रातलाच एक खटला निवडला आहे. त्यातले आरोपी मुसलमान नव्हते. तो मुद्दाम निवडण्याचं कारण शेवटी सांगू.

२००३ ची ती रात्र

जून २००३. नाशिकजवळच्या एका पेरूच्या बागेत झोपडीत राहणारं एक कुटुंब. रात्री हत्यारं घेऊन टोळी आत घुसली. पैसे, दागिने लुटले. मग जे केलं ते लिहायलाही हात धजत नाही. पाच जणांचा खून झाला, त्यात पंधरा वर्षांची एक मुलगीही होती. तिच्यावर आणि घरातल्या बाईवर बलात्कार झाला. ती बाई मेली असं समजून हल्लेखोर निघून गेले, म्हणून ती वाचली. घरातला एक मुलगाही वाचला. सरकारी पक्षाचा सगळा भर पुढे या दोघांच्या साक्षीवर होता.

पोलिसांनी सहा जणांना पकडलं. सहाही जण भटक्या जमातीतले, मोलमजुरी करून पोट भरणारे.

पहिली पायरी: सत्र न्यायालय

जून २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना दोषी ठरवून फाशी सुनावली.

इथे पहिली गोष्ट समजून घेऊ. आपल्या कायद्यात खुनाला दोन शिक्षा आहेत, जन्मठेप किंवा फाशी. पूर्वी हे भारतीय दंड संहितेच्या कलम ३०२ मध्ये होतं, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ मध्ये आहे. जन्मठेप हा नियम आणि फाशी हा अपवाद. फाशी द्यायची तर न्यायाधीशांना त्याची खास कारणं लेखी द्यावी लागतात. १९८० मध्ये बच्चन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने फाशीची शिक्षा वैध ठरवली. पण ती 'दुर्मिळातील दुर्मिळ' प्रकरणातच द्यावी आणि गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराचाही विचार करावा, असंही सांगितलं. त्याचं वय काय, परिस्थिती काय, तो सुधारू शकतो का, हे सगळं पाहायचं.

दुसरी पायरी: उच्च न्यायालय

सत्र न्यायालयाची फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येऊच शकत नाही. आरोपीने अपील केलं नाही तरी फाईल उच्च न्यायालयात जातेच. किमान दोन न्यायमूर्ती संपूर्ण पुरावा नव्याने तपासतात. ही तरतूद आधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३६६ मध्ये होती, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०७ मध्ये आहे.

मार्च २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सहाही जणांना दोषी मानलं. तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांची जन्मठेपेवर आणली.

तिसरी पायरी: सर्वोच्च न्यायालय, आणि तिथेही चूक

फाशी कायम झालेले तिघे सर्वोच्च न्यायालयात गेले. राज्य सरकारही गेलं. सरकारचं म्हणणं होतं की बाकीच्या तिघांनाही फाशीच हवी. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं अपील मान्य केलं आणि सहाही जणांना पुन्हा फाशी झाली. धक्का देणारी गोष्ट अशी की ज्या तिघांची जन्मठेप बदलून फाशी केली, त्यांची बाजू ऐकूनच घेतली गेली नव्हती.

निकाल जाहीर होऊन दोन आठवडे होतात न होतात, तोच मे २००९ मध्ये संतोष बरियार या दुसऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या पीठाने म्हटलं की काही निकालांत फक्त गुन्ह्याची क्रूरता पाहून फाशी दिली गेली आहे, गुन्हेगाराची परिस्थिती पाहिलेली नाही, आणि हे बच्चन सिंग निकालाच्या विरोधात आहे. नाशिकचा खटला अशाच निकालांपैकी होता. २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना पत्रं लिहून अशा चुकीच्या आधारावर फाशी झालेल्या तेरा कैद्यांची शिक्षा बदलण्याची विनंती केली.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट उघड झाली. सहांपैकी एक जण घटनेच्या वेळी अठरा वर्षांचाही नव्हता. अल्पवयीन मुलाला फाशी देताच येत नाही. तरीही तीन कोर्टांतून त्याची फाशी कायम होऊन गेली होती.

चौथी पायरी: पुनर्विचार याचिका

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावर त्याच न्यायालयाकडे पुनर्विचार मागता येतो. पूर्वी या याचिकेवर न्यायमूर्ती आपल्या दालनात कागदपत्रं पाहून निर्णय देत, वकिलाला बोलायची संधी मिळत नसे. सप्टेंबर २०१४ मध्ये मोहम्मद आरिफ खटल्यात घटनापीठाने ठरवलं की फाशीच्या प्रकरणात पुनर्विचार याचिका खुल्या न्यायालयात, तीन न्यायमूर्तींपुढे ऐकलीच पाहिजे. जीव जाणार असेल तर निदान अर्धा तास तरी ऐका, इतकी साधी ही बात.

या निकालाने नाशिकच्या सहा जणांसाठी दार उघडलं. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपलाच २००९ चा निकाल मागे घेतला आणि अपिलं नव्याने ऐकायला घेतली. ५ मार्च २०१९ रोजी न्यायमूर्ती ए. के. सिक्री, एस. अब्दुल नझीर आणि एम. आर. शहा यांच्या पीठाने निकाल दिला: सहाही जण निर्दोष.

नेमकं काय सापडलं?

नवीन पुरावा आकाशातून पडला नाही. जे खटल्याच्या कागदांत आधीपासून होतं, तेच या वेळी नीट वाचलं गेलं. घटनेनंतर दोनच दिवसांनी त्या जखमी बाईने पोलिसांकडच्या फोटोंमधून चार माणसं ओळखली होती. त्या चौघांमध्ये या सहांपैकी एकही नव्हता. त्या चौघांना पकडलं नाही, त्यांचा तपासही पुढे नेला नाही. नंतर त्याच बाईच्या ओळखीवर दुसऱ्याच सहा जणांना फाशी सुनावली गेली.

न्यायालयाने तपास प्रामाणिक आणि निष्पक्ष नव्हता असं नोंदवलं. जबाबदार अधिकारी कोण ते शोधून, नोकरीत असतील तर त्यांच्यावर खात्यामार्फत कारवाई करायला सरकारला सांगितलं. ही माणसं वर्षानुवर्षं मरणाच्या भीतीखाली जगली याचीही दखल घेतली, आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला.

पाच लाख ऐकायला मोठे वाटतात. सोळा वर्षं म्हणजे १९२ महिने. भागाकार करून पाहा, महिन्याला सुमारे २,६०० रुपये होतात. तरणेपण, घरच्यांच्या मयती, मुलाबाळांचं लहानपण, सगळं त्यात आलं.

त्या कुटुंबाचं काय?

हा प्रश्न विचारायलाच हवा. "आरोपींना सोडणारे पीडितांना विसरतात" असं पुष्कळ लोक म्हणतात. पण इथे पीडित बाईला कोणी विसरलं? तिने दोन दिवसांत चार माणसं दाखवली होती, ते बाजूला कुणी ठेवलं? पाच जनाजे ज्या घरातून उठावेत तसं ते घर रिकामं झालं, आणि सोळा वर्षांनी त्यांच्या हाती काय आलं? खरे मारेकरी कोण हे निकालानंतरही ठरलं नव्हतं. चुकीचा माणूस आत जातो तेव्हा खरा गुन्हेगार बाहेर फिरत असतो. बेकसूराला शिक्षा हा पीडितावर झालेला दुसरा जुल्म आहे.

आपल्यासाठी यात काय आहे?

आता हा खटला का निवडला ते सांगतो. अक्षरधाम हल्ल्याच्या खटल्यात मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा जणांना निर्दोष सोडलं, त्यातले तिघे फाशीचे कैदी होते. मुंबईच्या २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यात २०१५ मध्ये बारा जण दोषी ठरले, पाच जणांना फाशी झाली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. पाचपैकी एक तोवर तुरुंगातच वारला होता. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्या न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असं म्हटलं, पण सुटलेल्यांना परत आत जायला सांगितलं नाही.

हे खटले आपल्या घराघरांत बोलले जातात. नाशिकचा मात्र आपल्याकडे कुणालाच ठाऊक नसतो. खरं तर दोन्हीकडचं दुखणं एकच आहे: लोकांचा राग, तपासावर दबाव, आणि समोर असा आरोपी ज्याच्या मागे पैसा नाही, ओळख नाही, चांगला वकील नाही. फक्त आपल्या माणसांसाठी इन्साफ मागायचा आणि दुसऱ्याच्या फाशीवर "लगेच लटकवा" म्हणायचं, हे दीनला धरून नाही. सूरह माइदाच्या आठव्या आयतीत हेच बजावलं आहे की एखाद्या कौमबद्दलच्या रागापायी इन्साफ सोडू नका. फिक्हमध्येही शुबहा असेल तर हद्द टाळावी, हे जुनं तत्त्व आहे. संशयाचा फायदा आरोपीला, असं आपल्या देशाचा कायदाही म्हणतो.

काही कामाच्या गोष्टी प्रत्येक घराला माहीत असाव्यात:

- तुरुंगात असलेल्या कोणत्याही आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करता येतो. हेल्पलाइन १५१०० आहे.
- मुलाचा जन्मदाखला आणि शाळेचा दाखला जपून ठेवा. वय ठरवताना कायदा आधी शाळेचा किंवा बोर्डाचा दाखला पाहतो. 'घटनेच्या वेळी मी अल्पवयीन होतो' हा मुद्दा अंतिम निकालानंतरही मांडता येतो. दाखल्यावर अंदाजाने तारीख टाकणाऱ्या पालकांना आम्ही शाळेत नेहमी टोकतो, ते याचसाठीही.
- पुनर्विचार फेटाळला तरी क्युरेटिव्ह याचिका असते. त्यानंतर राज्यपाल आणि राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज करता येतो. २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालानुसार, अर्ज फेटाळल्याचं कळवल्यानंतर फाशीपर्यंत किमान चौदा दिवस द्यावे लागतात, आणि अर्जावर विनाकारण फार उशीर झाला तर फाशी जन्मठेपेत बदलू शकते.
- साक्षीदार व्हायची वेळ आली तर जे पाहिलं तेवढंच सांगा. ना भीतीने कमी, ना रागाने जास्त.

"इतकी अपिलं कशाला? वर्षानुवर्षं चालतात," असं पुढच्या वेळी कुणी म्हणालं तर त्यांना नाशिकचा हा खटला सांगा. २००९ मध्ये देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयाने त्या सहा जणांना फाशी दिली होती. तेव्हाच घाई झाली असती, तर २०१९ मध्ये ते 'निर्दोष' ऐकायला त्यांच्यातलं कोणी राहिलं नसतं.