सांध्यांतील सुई आणि रक्तांतील साखर

बोरिवली-घाटकोपरच्या स्थानकांचे जिने चढतां-उतरतां दुखावलेल्या गुडघ्यांत स्टेरॉइडचें इंजेक्शन घेतलें असतां वेदना बहुधा शमते. परंतु औषधाचा कांहीं अंश रक्तांत उतरतो. तो यकृताकडून अधिक साखर निर्माण करवितो व इन्सुलिनचा प्रभाव मंद करतो. त्यामुळें मधुमेह्याची साखर कांहीं दिवस चढलेली राहते.

२०२१ सालीं महाराष्ट्रांत काळ्या बुरशीनें ग्रासलेल्या करोनाग्रस्तांपैकीं बहुतेकांस मधुमेह होता व पुष्कळांस स्टेरॉइडें दिलेलीं होतीं. तो उपचार अनेक दिवसांचा होता. एका सुईनें तें संकट ओढवेल असें नव्हे. तथापि चढत्या साखरेकडे दुर्लक्ष नको, हा धडा खराच.

यास्तव सुईपूर्वींच डॉक्टरांस आपला मधुमेह सांगावा, आठवडाभर घरीं साखर मोजावी, व ती फार चढल्यास औषध स्वतः न बदलतां त्यांचाच सल्ला घ्यावा.