टाकीत स्वस्थ न बसणारे रसायन

७ मे २०२० रोजी पहाटे तीनच्या सुमारास विशाखापट्टणमच्या आर. आर. वेंकटपुरम परिसरातील रहिवाशांना एका उग्र वासाने जाग आली. डोळे चुरचुरत होते, श्वास कोंडत होता. घराबाहेर धावलेली अनेक माणसे रस्त्यातच कोसळली. वस्तीला लागून असलेल्या एलजी पॉलिमर्सच्या कारखान्यातील एका टाकीतून स्टायरिन या रसायनाची वाफ बाहेर पडत होती. या दुर्घटनेत १२ जणांचा बळी गेला, तर शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. विशेष म्हणजे टाळेबंदीमुळे मार्चअखेरीपासून कारखान्यातील उत्पादन बंद होते. मग बंद कारखान्यात अपघात घडलाच कसा, असा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला. वस्तुत: कारखाना बंद असणे हेच या रसायनाच्या बाबतीत धोक्याचे होते.

स्टायरिन हा पाण्यासारखा पातळ, रंगहीन द्रव आहे. गणपतीच्या मखरांमुळे महाराष्ट्रात घरोघरी पोहोचलेला आणि २०१८ पासून राज्यात सजावटीसाठी बंदी असलेला थर्माकोल याच द्रवापासून बनतो. स्टायरिनचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन लांब साखळ्या तयार होतात आणि द्रवाचे घन प्लास्टिक होते. या क्रियेला पॉलिमरायझेशन म्हणतात. रायगड जिल्ह्यात नागोठण्याजवळ हीच क्रिया औद्योगिक प्रमाणावर, नियंत्रित स्थितीत घडवली जाते.

अडचण अशी, की ही क्रिया सुरू होण्यासाठी स्टायरिन कोणाच्या परवानगीची वाट पाहत नाही. साठवणुकीच्या टाकीतही ती अत्यंत संथ गतीने चालूच असते. रेणू जोडले जाताना उष्णता बाहेर पडते, उष्णतेने क्रियेचा वेग वाढतो आणि वाढत्या वेगाने आणखी उष्णता निर्माण होते. त्यातच द्रव पाकासारखा दाट होत जातो आणि आतली उष्णता बाहेर पडण्याचा मार्ग खुंटतो. साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या पुढे ही क्रिया आवरणे जवळपास अशक्य होते. स्टायरिन १४५ अंशांना उकळते. विशाखापट्टणमच्या टाकीतील तापमान १५० अंशांच्याही वर गेले होते.

म्हणून स्टायरिनवर अहोरात्र पहारा ठेवावा लागतो. पहिली गरज थंडाव्याची. टाकी २० अंशांच्या आसपास किंवा त्याखाली राखणे इष्ट. दुसरी गरज प्रतिबंधकाची. टर्शरी ब्युटाइल कॅटेकॉल, अर्थात टीबीसी, हे रसायन दहा लाख भागांत दहा-पंधरा भाग इतक्या अल्प प्रमाणात मिसळले, तरी साखळ्या जुळणे रोखून धरते. मात्र ते हळूहळू खर्ची पडते, त्यामुळे वरचेवर तपासून पुन्हा घालावे लागते. येथे एक चकवाही आहे. पेट घेणाऱ्या द्रवांच्या टाकीतून प्राणवायू हटवून तेथे नायट्रोजन भरणे हा सर्वसाधारण सुरक्षेचा नियम. पण टीबीसीला काम करण्यासाठी द्रवात थोडा प्राणवायू विरघळलेला असावा लागतो. तो पूर्णपणे काढून टाकला तर आगीचा धोका घटतो, पण प्रतिबंधक निकामी होतो. त्यामुळे टाकीतील मोकळ्या जागेत ३ ते ८ टक्के प्राणवायू राखण्याची शिफारस केली जाते. याखेरीज द्रव सतत खेळता राहणेही आवश्यक असते. नाहीतर तळ थंड आणि वरचे थर तापलेले अशी स्थिती होते.

आंध्र प्रदेश सरकारच्या उच्चस्तरीय समितीने जुलै २०२० मध्ये दिलेल्या अहवालात नेमक्या याच गोष्टींवर बोट ठेवले. टाकीत अठराशे टनांहून अधिक स्टायरिन होते. तापमापक केवळ तळाजवळ होता, त्यामुळे वरच्या थरांतील वाढती उष्णता नोंदवली गेली नाही. शीतकरण यंत्रणा रात्री बंद ठेवली जात असे. द्रव फिरवणाऱ्या नळ्यांच्या रचनेत डिसेंबर २०१९ मध्ये केलेल्या बदलामुळे मिश्रण नीट होत नव्हते. आणि टीबीसीचा साठाच कारखान्यात शिल्लक नव्हता! दुर्घटनेनंतर ते गुजरातमधून विमानाने आणावे लागले.

त्या पहाटे आग लागली नाही, हे सुदैवच म्हणावे लागेल. स्टायरिनचा प्रज्वलनांक सुमारे ३१ अंश आहे. म्हणजे या तापमानाला द्रवाच्या पृष्ठभागावर पेट घेण्याइतकी वाफ जमा होते, आणि मे महिन्यात आपल्याकडे दुपारचे तापमान यापेक्षा कितीतरी अधिक असते. हवेत या वाफेचे प्रमाण जेमतेम एक टक्का झाले, तरी एखादी ठिणगी पुरेशी ठरते. नळीतून वाहताना निर्माण होणारी स्थिर विद्युतही ती ठिणगी देऊ शकते. म्हणूनच टँकर भरण्यापूर्वी अर्थिंगची तार जोडणे आणि सुरुवातीला द्रव संथपणे सोडणे या गोष्टी अनिवार्य ठरतात. आग लागलीच तर पाण्याचा जोरदार फवारा थेट द्रवावर मारू नये. स्टायरिन पाण्यापेक्षा हलके असल्याने पेटते द्रव पाण्यावर तरंगत पसरते. अशा आगीवर फेस किंवा कोरडी पावडर वापरावी. पाणी फवारायचे ते टाक्या थंड ठेवण्यासाठी. सांडलेल्या द्रवावर वाळू टाकावी. भुसा टाकू नये, कारण तो स्वत:च पेटतो. द्रव गटारात जाऊ देणे सर्वांत वाईट, कारण वाफ गटारातून दूरवर पोहोचते आणि भलत्याच ठिकाणी पेट घेऊ शकते.

रस्त्यात असा टँकर उलटलेला दिसल्यास कुतूहलापोटी जवळ जाऊ नये. मोटार वाहन नियमांनुसार टँकरवर आपत्कालीन माहितीचा फलक असतो. त्यावरील २०५५ हा संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक स्टायरिनचा. तो दुरूनच वाचून ११२ किंवा १०१ वर कळवला, तर अग्निशमन दलाचा बहुमोल वेळ वाचतो.

वाफ वस्तीत शिरल्यास वाऱ्याला आडवे निघून तिच्या पट्ट्याबाहेर पडावे. ही वाफ हवेच्या साडेतीन पट जड असल्याने नाले, तळघरे, सखल जागा टाळाव्यात. ओला रुमाल नाकाला लावावा, असे अनेकदा सांगितले जाते. परंतु स्टायरिन पाण्यात फारच थोडे विरघळते, त्यामुळे रुमालावर विसंबून तेथेच थांबू नये. बाधित व्यक्तीला मोकळ्या हवेत न्यावे, भिजलेले कपडे उतरवावेत आणि डोळे व त्वचा किमान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावी. द्रव पोटात गेले असल्यास उलटी करवू नये. ते फुफ्फुसात उतरण्याचा धोका असतो. यावर विशिष्ट उतारा नाही. डॉक्टर प्राणवायू देऊन लक्षणांनुसार उपचार करतात.

अर्थात, वाऱ्याला आडवे पळायचे तर आधी वेळेवर जाग यायला हवी. घातक रसायनांविषयीच्या १९८९ च्या नियमांनुसार मोठा साठा असलेल्या कारखान्यांच्या परिसरातील लोकांना धोक्याची व बचावाची माहिती देणे बंधनकारक आहे. कारखान्याबाहेरील आपत्कालीन आराखड्याची रंगीत तालीम वर्षातून किमान एकदा व्हावी, असेही त्यात म्हटले आहे. विशाखापट्टणमच्या त्या कारखान्यात धोक्याचा भोंगा वाजवण्यासाठी प्रवेशद्वारासह ३६ ठिकाणी सोय होती. त्या पहाटे तो एकाही ठिकाणाहून वाजवला गेला नाही, अशी नोंद समितीच्या अहवालात आहे.