आईबाप शहरात, लेकरे गावात



चीनमधल्या कित्येक खेड्यांत घर वर्षातून एकदाच भरते. जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत, अमावास्येच्या सुमारास, त्यांचा नववर्षाचा सण येतो. दूरच्या कारखान्यांत आणि बांधकामांवर राबणारी माणसे त्या सणाला गावाकडे धाव घेतात. काही दिवस घरात हसणे-खिदळणे असते, चुलीवर गोडधोड शिजते. मग बोचकी पुन्हा बांधली जातात. आई लेकराच्या डोक्यावरून हात फिरवते आणि मागे न बघता वाटेला लागते. पुढच्या सणापर्यंत घरात उरतात ती नातवंडे आणि त्यांचे आजी-आजोबा.

शेती सोडून मजुरीला लागलेली खेड्यांतली माणसे त्या देशात सुमारे ३० कोटी आहेत. शेतीचा तुकडा लहान, त्यावर घर चालत नाही. शहरात हातात रोख पैसा येतो, गावी पक्के घर उभे राहते. पण मग मुलांना बरोबर का नेत नाहीत, असे तुम्ही विचाराल.

त्याचे मोठे कारण आहे कुटुंबाची सरकारी नोंद. १९५८ पासून तिथे प्रत्येक कुटुंब गावच्या किंवा शहराच्या दप्तरी नोंदलेले असते. खेड्यात नोंद असलेल्याने शहरात वर्षानुवर्षे घाम गाळला, तरी तो कागदोपत्री खेड्याचाच राहतो. लहान शहरांत अलीकडे हे नियम पुष्कळ सैल झाले आहेत, पण मोठ्या शहरांतल्या सरकारी शाळेत अशा मजुराच्या मुलाला प्रवेश मिळणे अजून सोपे नाही. शिवाय खोलीचे भाडे भारी, आणि कारखान्यात दिवस जातो तो उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत. मुलाला बघणार कोण? म्हणून ते गावीच राहते.

नातवंड म्हणजे दुधावरची साय. आजी-आजोबा जीव लावतात, पोटभर खाऊ घालतात. पण साठी-सत्तरीच्या आजीला शेतही बघायचे, डुकरे-कोंबड्याही बघायच्या. नातवाचा अभ्यास तिला समजत नाही. वयात येणाऱ्या नातीच्या मनात काय चालले आहे, हे तिच्या ध्यानात येत नाही. आणि आजी अंथरुणाला खिळली, की दहा वर्षांची पोरच घराची कर्ती होते.

नोव्हेंबर २०१२ मध्ये ग्विझोऊ प्रांतातल्या बिजिए शहरात एक घटना घडली. घर सोडून भटकणाऱ्या पाच मुलांनी रात्रीच्या थंडीत कचऱ्याच्या एका मोठ्या पेटीत आसरा घेतला. ऊब मिळावी म्हणून आत कोळसे पेटवले. कोळशाच्या विषारी वायूने पाचही जण गुदमरून गेले. त्यांतल्या काहींचे आईबाप दूर शहरात कामाला होते. सारा देश हळहळला. ही मुले इतके दिवस कोणाच्याच नजरेत कशी आली नाहीत, असा प्रश्न जो तो विचारू लागला.

२०१६ मध्ये सरकारने गावोगाव मोजणी केली. सोळा वर्षांखालची, आईबाप दोघेही बाहेर असलेली, किंवा एक बाहेर आणि दुसरा सांभाळण्यास असमर्थ असलेली ९० लाख मुले खेड्यांत निघाली. बहुतेक आजी-आजोबांजवळ होती. पण त्यांतल्या ३ लाख ६० हजार मुलांना सांभाळणारे कोणीच नव्हते. दोन वर्षांनी, २०१८ मध्ये, एकूण आकडा सुमारे ७० लाखांवर आला.

आता एका चांगल्या प्रयोगाबद्दल सांगायचे आहे. पूर्वी चीनमधले 'अनवाणी डॉक्टर' प्रसिद्ध होते. गावातल्याच शेतकऱ्याला काही महिने शिकवून औषधपाण्याचे काम देत. त्याच धर्तीवर २०१० मध्ये सरकारने युनिसेफच्या मदतीने 'अनवाणी समाजसेवक' नेमण्याचे ठरवले. पाच प्रांतांतली १२० गावे निवडली. प्रत्येक गावात गावातलेच एक माणूस नेमले आणि त्याला शिकवून तयार केले.

त्याचे काम काय? गावातल्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवायची. घरोघरी जायचे. कोणाच्या जन्माची नोंद राहिली आहे, कोण शाळेत येईनासे झाले आहे, कोणाला लस टोचलेली नाही, कोण अपंग असून घरातच पडून आहे, हे बघायचे आणि ज्या त्या कचेरीतून काम करवून आणायचे. गावात एक खोली मुलांसाठी उघडायची. तिथे खेळणी, पुस्तके आणि शाळा सुटल्यावर बसायला जागा. या कामात मोठी विद्या लागत नाही. आपल्या गावातली घरे ठाऊक असावी लागतात, आणि दार वाजवायचा संकोच नसावा लागतो.

याचा उपयोग कसा होतो ते पाहा. एखाद्या मुलाचा बाप तुरुंगात असतो, आई निघून गेलेली असते. दोघेही जिवंत, म्हणून कागदावर ते मूल अनाथ नाही, आणि अनाथांची मदत त्याला पूर्वी मिळत नसे. अशी मुले कचेरीत बसून सापडत नाहीत. गावातल्या माणसालाच ती दिसतात. जानेवारी २०२० पासून चीनने अशा मुलांनाही अनाथांप्रमाणे दरमहा मदत लागू केली. आणि २०१९ मध्येच प्रत्येक गावात मुलांसाठी असा एक जबाबदार माणूस असावा, असे सरकारने ठरवले होते.

जोडीला कायदेही आले. जून २०२१ पासून नियम आहे, की कामासाठी बाहेर जाणाऱ्या आईबापांनी मूल योग्य माणसाच्या हवाली करावे, शाळेला आणि गावाच्या समितीला तसे लेखी कळवावे, आणि आठवड्यातून एकदा तरी मुलाशी बोलावे. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांसाठीही कायदा आहे. दूर राहणाऱ्या मुलांनी आईबापांना वरचेवर भेटावे, ही तरतूद १ जुलै २०१३ ला अमलात आली. त्याच दिवशी वुशी शहरातल्या कोर्टाने ७७ वर्षांच्या एका आईच्या लेकीला हुकूम दिला, की दोन महिन्यांतून एकदा तरी आईला भेटायला जा.

पण कोर्टाच्या हुकुमाने आलेली लेक किती वेळ टेकते? आठवड्याचा फोन केला, पण तो 'जेवलास का' एवढ्यावरच संपला, तर मुलाच्या मनातले कसे कळणार? कायदा दार उघडू शकतो, माया आत आणू शकत नाही. गावातल्या त्या कार्यकर्त्यांनाही अडचणी आहेत. पुष्कळ ठिकाणी मानधन थोडे, अंगावर गावाची इतर कामेही असतात. तरी 'लेका, आज शाळेत का गेला नाहीस?' असे विचारणारे एक माणूस गल्लीत आहे, हा आधार लहान नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या गावांतल्या वाचकांना हे सारे ओळखीचे वाटेल. दिवाळीनंतर कोयता बाहेर पडतो, आणि कितीतरी लेकरे आजीच्या पदराशी राहतात. म्हणून सांगावेसे वाटते: मूल मागे ठेवून जावे लागले, तर ते कोणाच्या भरवशावर आहे हे शाळेच्या गुरुजींना सांगून जा. जाण्यापूर्वी मुलालाही विचारा, कोणाजवळ राहायला आवडेल. फोनवर गुणांआधी मनाची चौकशी करा.

आणि तुम्ही गावातच असाल, तर शेजारच्या अंगणात एकदा डोकवा. सांजवेळी त्या घरात दिवा लागला का, चूल पेटली का, एवढे बघायला सरकारी नेमणूक लागत नाही.