शोधनिकालातल्या चुकीच्या ओळी

गूगल किंवा बिंगवर काही शोधले, की प्रत्येक निकालात शीर्षकाखाली दोन-तीन ओळींचा मजकूर दिसतो. त्याला स्निपेट म्हणतात. दुव्यावर क्लिक करायचे की नाही, हे वाचणारा बहुधा या ओळींवरूनच ठरवतो. तिथे बंद झालेल्या शाखेचा पत्ता किंवा जुनी फी झळकत असेल, तर नुकसान संकेतस्थळाच्या मालकाचे होते. म्हणून दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी हा मजकूर आला कुठून, ते शोधावे लागते.

पूर्वी तो भलतीकडूनही येई. १९९८ साली सुरू झालेली डीमॉझ ही स्वयंसेवकांनी चालवलेली संकेतस्थळांची सूची होती. तिच्यातल्या संपादकाने कधीकाळी लिहिलेली ओळ सर्च इंजिने निकालात सरळ वापरत, आणि ती बदलायची तर मालकाने त्या संपादकाची मनधरणी करायची! २००६ मध्ये आधी मायक्रोसॉफ्टने आणि मग गूगलने ‘नोओडीपी’ हा टॅग मानायला सुरुवात केली, तेव्हा कुठे ही सूची टाळता येऊ लागली. मार्च २०१७ मध्ये डीमॉझ बंद झाली. काही जुन्या पानांत हा टॅग अजून सापडतो. आता तो निरुपयोगी आहे, इतकेच.

आज हा मजकूर मुख्यतः त्या पानावरूनच उचलला जातो. पानाच्या कोडमध्ये मेटा डिस्क्रिप्शन नावाची जागा असते. वाचकाला पानावर न दिसणारा सारांश तिथे लिहिता येतो. मात्र तो वापरायचे बंधन गूगलवर नाही. शोधलेल्या शब्दांना पानावरचे एखादे वाक्य अधिक जवळचे वाटले, तर गूगल ते घेते. त्यामुळे एकाच पानाचे वर्णन वेगवेगळ्या शोधांत वेगवेगळे दिसते. साऱ्या पानांना एकच सारांश चिकटवण्याची सवय तर सर्रास आढळते, आणि असा सारांश बाजूला पडला तर नवल नाही. प्रत्येक पानाला त्याचा स्वतःचा, नेमका सारांश द्यावा. पानावरचा एखादा भाग स्निपेटमध्ये नकोच असेल, तर त्याला ‘डेटा-नोस्निपेट’ ही खूण लावता येते.

कधी वर्णन मुळीच दिसत नाही. रोबॉट्स डॉट टीएक्सटी या फाइलमध्ये पान वाचायला मनाई केली, की ते निकालातून नाहीसे होईल असा अनेकांचा समज असतो. इतरांनी त्या पानाचे दुवे दिलेले असतील, तर पत्ता तरीही दिसू शकतो; फक्त खाली माहिती उपलब्ध नसल्याची सूचना येते. पान खरोखर काढायचे तर मनाई उठवून ‘नोइंडेक्स’ टॅग लावावा लागतो, कारण पान वाचल्याशिवाय गूगलला तो टॅग दिसणार कसा?

मराठीत आणखी एक अडचण आहे. युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेल्या पानांवर अक्षरे मराठी दिसतात, पण साठवलेली असतात रोमन चिन्हे. स्निपेटमध्ये तो फाँट नसल्याने नुसती खिचडी उमटते. मजकूर युनिकोडमध्ये बदलणे हाच तिथे उपाय.

स्निपेटमध्ये औषधांच्या जाहिराती किंवा जपानी अक्षरे दिसू लागली, तर संकेतस्थळात कोणी घुसल्याची दाट शक्यता असते. घुसखोर गूगलला एक पान दाखवतात आणि मालकाला दुसरे, त्यामुळे ब्राउझरमध्ये सारे ठीक भासते. गूगलला काय दिसते, हे सर्च कन्सोल या गूगलच्या संकेतस्थळ-मालकांसाठीच्या साधनातल्या यूआरएल तपासणीत पाहता येते. अशा वेळी वर्णन बदलून भागत नाही, आधी साइट साफ करावी लागते.

दुरुस्तीनंतर त्याच सर्च कन्सोलमधून पान पुन्हा वाचण्याची विनंती करता येते. बदल दिसायला काही दिवस, कधी काही आठवडेही लागतात. पान दुसऱ्याचे असेल आणि त्याने मजकूर बदलूनही निकालात जुनेच दिसत असेल, तर कालबाह्य मजकूर ताजा करण्याचे गूगलचे वेगळे साधन आहे. मूळ पानावर मजकूर अजून तसाच असेल, तर मात्र त्या पानाच्या मालकालाच गाठावे लागते.