अफझलगंजचा मतदार आणि त्याचे तीन प्रतिनिधी

मुसी नदीवरील नया पूल ओलांडून उत्तरेस आले की अफझलगंज लागते. एकीकडे उस्मानिया रुग्णालयाची घुमटांची इमारत, जवळच जुने आसफिया ग्रंथालय आणि भोवती घाऊक बाजाराची वर्दळ. येथील एखाद्या गल्लीतील दिवा विझला किंवा कचरा उचलला गेला नाही, तर रहिवाशाने कोणाचे दार ठोठवावे? पुष्कळजण आमदाराकडे धाव घेतात. वास्तविक हे काम नगरसेवकाचे. परंतु नगरसेवकाचे नाव ठाऊक असणारे गृहस्थ विरळाच!

अफझलगंजचा मतदार तीन प्रतिनिधी निवडतो. वॉर्डातून नगरसेवक, गोशामहल मतदारसंघातून आमदार आणि हैदराबाद मतदारसंघातून खासदार. या तिघांच्या सीमा एकाच हाताने आखलेल्या नाहीत. विधानसभा व लोकसभा यांचे मतदारसंघ परिसीमन आयोग ठरवितो. २००१ च्या जनगणनेवरून केलेली त्याची आखणी २००८ साली अमलात आली, आणि तीतूनच गोशामहल हा मतदारसंघ निर्माण झाला. महापालिकेच्या वॉर्डांची आखणी मात्र राज्य शासनाकडे असते, व निवडणूक घेण्याचे काम राज्य निवडणूक आयोगाकडे. सीमा कोठून जाते हे क्षुल्लक वाटते खरे. पण रस्त्याची एक बाजू इकडे व दुसरी तिकडे गेली की मोहल्ल्याचे वजन दोन पारड्यांत विभागले जाते.

शहराला हा अधिकार सहजासहजी मिळालेला नाही. १८६९ साली पहिल्या सालारजंगाच्या काळात नगरव्यवस्था सुरू झाली, तेव्हा निवडणूक नव्हती. १९३३ साली चादरघाट जोडून महापालिका झाली, १९३४ साली निवडणूक झाली. तीही मर्यादित मताधिकारावर. प्रौढ मताधिकार स्वातंत्र्यानंतरचा. १९५२ साली अफझलगंजाच्या शेजारच्या बेगमबाजार मतदारसंघातून काशिनाथराव वैद्य हे मराठी गृहस्थ हैदराबाद विधानसभेवर निवडून आले व तिचे अध्यक्ष झाले, हे मराठी वाचकांस सांगण्याजोगे आहे. पुढे महापालिकेच्या निवडणुका वेळेवर होईनात. १९८६ नंतरची निवडणूक उजाडली ती थेट २००२ साली! दर पाच वर्षांनी निवडणूक व्हावी असे बंधन राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने १९९३ पासून घातले होते, तरीही.

२००७ साली आसपासच्या नगरपालिका सामावून बृहन् हैदराबाद महापालिका झाली. २००९, २०१६ व २०२० या तिन्ही निवडणुका १५० वॉर्डांत झाल्या. प्रत्येक वॉर्डास एकच नगरसेवक. पुण्यात २०१७ साली बहुतेक प्रभागांतून चार-चार सदस्य निवडले गेले, तशी पद्धत येथे नव्हती. ज्यास सर्वांत अधिक मते, तो विजयी. निम्म्याहून अधिक मते पाहिजेत असे मुळीच नाही. समजा, वॉर्डात ४०,००० मतदार आहेत, १८,००० जणांनी मत दिले आणि चार उमेदवारांत पहिल्यास ७,००० मते पडली. तो निवडून आला; पण त्यास पसंत करणारे वॉर्डातील पाचांत एकही नाहीत. हे उदाहरण केवळ कल्पनेतले म्हणून सोडून देता येत नाही, कारण या तिन्ही निवडणुकांत निम्मे मतदारही केंद्रावर आले नव्हते.

महापौराची गोष्ट आणखी निराळी. २००२ साली हैदराबादकरांनी महापौर स्वतःच्या मताने निवडला. नंतर ती निवड सभागृहाकडे गेली, आणि तीत नगरसेवकांबरोबर पदसिद्ध सदस्य असलेल्या आमदार-खासदारांनाही मत मिळाले. २०२० साली कोणत्याच पक्षास ७६ जागा मिळाल्या नाहीत. त्यामुळे फेब्रुवारी २०२१ मध्ये हात वर करून झालेल्या निवडीत या पदसिद्ध मतांस चांगलेच मोल आले.

महापालिकेची मतदारयादी विधानसभेच्या यादीवरूनच वॉर्डवार फोडून तयार करतात. प्रथम कच्ची यादी प्रसिद्ध होते, हरकती घेतल्या जातात आणि मग ती पक्की होते. आपले घर कोणत्या वॉर्डात पडले हे पाहण्याची वेळ तीच. मतदानाच्या दिवशी त्याचा उपयोग नसतो.