इंग्लिश नदीवरचे मोठे मासे

वायव्य ऑन्टॅरियोतल्या जुन्या फिशिंग लॉजच्या जेवणघरात पन्नास-साठच्या दशकांतले काळे-पांढरे फोटो अजून टांगलेले असतात. दोन खुंटांमध्ये आडवी दोरी, दोरीला ओळीने लटकवलेले वॉलआय मासे, मधोमध कमरेइतका लांब पाइक आणि मागे हसणारे पाहुणे. गाइड असलाच तर कडेला, हातात सुरी घेऊन. त्या काळी मोठा मासा मेल्यावरच मोठा ठरायचा. काट्यावर चढला आणि पेंढा भरून भिंतीवर लागला की लोक मानायचे. आज त्याच पाण्यात मीटरभराचा पाइक गळाला लागला, तर मिनिटाच्या आत तो परत पाण्यात असतो. हा बदल चांगलाच आहे. पण तो कसकसा झाला हे पाहू गेलं, तर एकाच नदीवरची दोन तळी शेजारी ठेवून बोलावं लागतं. एक वरच्या अंगाचं लॅक सूल, दुसरं खालच्या अंगाचं बॉल लेक.

लॅक सूलची गोष्ट माशांपासून नाही, धरणापासून सुरू होते. १९२९ च्या सुमारास इअर फॉल्स इथे इंग्लिश नदी अडवली, कारण खालच्या वीजकेंद्रांना बारमाही पाणी हवं होतं. तळ्याची पातळी सुमारे तीन मीटर चढली. लॅक सूल फर्स्ट नेशन या मूलनिवासी समाजाची ११,३०४ एकर राखीव जमीन पाण्याखाली गेली. घरं गेली, गवताची कुरणं गेली, रानतांदळाची खाचरं गेली, पूर्वजांची थडगीही गेली. केजिक बे ही वस्ती बेट होऊन बसली. संमती कुणी विचारली नाही. काठावरचं जंगलही पुरतं तोडलं नव्हतं. झाडं उभ्याउभ्या बुडाली. त्यांची खोडं आजही तिथे आहेत, आणि त्यांच्याच आडोशाला मोठे पाइक दबा धरून असतात. ज्या जागा पाहुण्यांना ‘हमखास’ म्हणून दाखवल्या जातात, त्यांतल्या कितीतरी कुणाच्या तरी अंगणावरून तीन मीटर वर आहेत. हे माहीत असताना तिथे गळ टाकणं आणि माहीत नसताना टाकणं, यात मला फार फरक वाटतो. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये निकाल दिला, की या जमिनीची भरपाई रानाच्या भावाने मोजून चालणार नाही, वीजनिर्मितीसाठी तिचं जे मोल होतं ते धरावं लागेल. खालच्या कोर्टाने ठरवलेली तीन कोटी डॉलर्सची रक्कम रद्द झाली आणि हिशेब नव्याने मांडायला सांगण्यात आलं. धरणाला तोवर नव्वद वर्षं होऊन गेली होती.

या भागात बाहेरचा माणूस आला तो आधी सोन्यासाठी. १९२६ मध्ये रेड लेकला सोन्याची धाव सुरू झाली आणि रस्ता नसल्यामुळे विमानं आली: उन्हाळ्यात पाण्यावर उतरणारी, हिवाळ्यात पायांना स्की लावून बर्फावर उतरणारी. १९३५ चं नॉर्समन आणि १९४७ चं बीव्हर या दोन विमानांनी उत्तरेतलं कुठलंही तळं तासाभरावर आणून ठेवलं. युद्धानंतर अमेरिकेतल्या शहरांतून हाती पैसा आणि सुट्टी असलेले लोक केनोरा या गावापर्यंत यायचे आणि तिथून उडायचे. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस बार्नी आणि मॅरियन लॅम या दांपत्याने बॉल लेकवर लॉज उभं केलं. बार्नी स्वतः विमानं चालवायचा. ऑन्टॅरियो सेंट्रल एअरलाइन्स ही कंपनीही त्याचीच. लॉजवर गाइड म्हणून आणि इतर कामांवर जवळच्या ग्रासी नॅरोजचे अनिशिनाबे लोक असत.

पाहुण्यांना इतक्या लांब ओढून आणणारे मासे दोन. पाइक लांबट, हिरवट, अंगावर फिके ठिपके, बदकासारखा चपटा जबडा आणि आत मागे वळलेले सुईसारखे दात. तो पाठलाग करत नाही. पाणवनस्पतींच्या कडेला काठीसारखा निश्चल थांबतो आणि एका झेपेत घेतो. त्याच्यासाठी तंगुसाच्या टोकाला तारेचा तुकडा लावावाच लागतो, नाहीतर दातांखाली तंगूस तुटतो. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा धातूचा चमचा हे त्याचं जुनं आमिष. इतक्या वर्षांत किती नवी आली, पण डब्यात तो असतोच. वॉलआयचा स्वभाव वेगळा. त्याच्या डोळ्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे अंधुक उजेडात त्याला भक्ष्यापेक्षा चांगलं दिसतं. म्हणून तो संध्याकाळी, किंवा वाऱ्याने पाणी हललेलं असताना उथळावर येतो. गोळी लावलेल्या गळात लहान मासा ओवून तळाशी हलके हलके उचलायचा, आणि तोंडात घेतल्याची नुसती जडशी जाणीव हाताला झाली की ओढायचं. पाइकचा धक्का कुणालाही कळतो. वॉलआय गरवायला शिकण्यात उन्हाळे जातात.

दोन्ही माशांत मोठ्या असतात त्या जवळजवळ सगळ्या माद्याच. वर्षातले सहा महिने बर्फाखाली असलेल्या पाण्यात त्या फार सावकाश वाढतात. मीटरभराच्या पाइकमागे दहा-पंधरा वर्षं सहज असतात. दोरीवर टांगलेल्या त्या जुन्या ओळींमध्ये तळ्याची सगळ्यात जास्त अंडी देणारी मासळी टांगलेली असे. काही हंगामांत लोकांच्या लक्षात आलं की मासे मिळतात, पण मोठे मिळत नाहीत.

त्या काळच्या लॉजवरच्या दिवसाचा मध्य म्हणजे दुपारचं काठावरचं जेवण. सकाळी धरलेले वॉलआय गाइड तिथेच खडकावर साफ करायचा. कल्ल्यामागे सुरी घालून काट्याच्या कडेने शेपटीपर्यंत एकच ओढ, मग उलटून कातडी वेगळी. बिडाच्या तव्यात डुकराची चरबी कडकडीत तापवायची, आधी बटाटे-कांदे, मग पिठात घोळवलेले तुकडे. कडा सोनेरी झाल्या की लगेच काढायचे. पाहुणा हे आठवड्यातून पाच-सहा वेळा खायचा आणि घरी जायचा. गाइड बर्फ वितळल्यापासून पानगळीपर्यंत रोज खायचा, आणि घरीही त्याच नदीचे मासे शिजत. पुढे जे झालं ते नीट समजायला एवढं तरी डोळ्यांसमोर असायला हवं.

ड्रायडन हे गाव वाबिगून नदीवर आहे, आणि वाबिगून पुढे बॉल लेकपाशी इंग्लिश नदीला मिळते. ड्रायडनच्या कागद गिरणीला लागणारं क्लोरीन बनवणाऱ्या ड्रायडन केमिकल्स या कारखान्याने १९६२ ते १९७० या काळात सुमारे नऊ टन पारा नदीत सोडला. तळाच्या चिखलातले जिवाणू पाऱ्याचं मिथिल पारा करतात. तो किड्यांत जातो, किड्यांतून लहान माशांत, लहानांतून मोठ्यांत, आणि प्रत्येक पायरीला साठत जातो. सगळ्यात वर पाइक आणि वॉलआय. त्यांतही जो सगळ्यात म्हातारा, सगळ्यात मोठा, त्याच्या अंगात सगळ्यात जास्त. म्हणजे भिंतीवर लावावा असा जो मासा, तोच सगळ्यात विषारी. नजरेला काही कळत नाही. मासा तितकाच ताकदवान, मांस तितकंच पांढरंशुभ्र.

१९७० मध्ये या नदीवरची व्यापारी मासेमारी बंद झाली. बार्नी लॅमने त्याच वर्षी लॉज बंद केलं. पाहुण्यांना आणि गाइडना हे मासे खायला घालणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं. चालता धंदा सोडणारे लोक थोडे असतात, म्हणून त्याचं नाव मी आदराने घेतो. मात्र या सगळ्याची खरी किंमत ग्रासी नॅरोजने मोजली: गाइडचं काम गेलं, मासे विकणं गेलं, आणि ताटातला मासाही संशयाचा झाला. पाऱ्याच्या विषबाधेने होणाऱ्या मिनामाता रोगाचे जपानी डॉक्टर मासाझुमी हाराडा १९७५ मध्ये ग्रासी नॅरोज आणि व्हाइटडॉग या अनिशिनाबे वस्त्यांत आले आणि त्यांना लोकांत ओळखीची लक्षणं दिसली: हात-पाय बधिर होणं, तोल जाणं, नजरेचं क्षेत्र आखडणं.

सरकारने त्या वेळी नदीकाठी पाट्या लावल्या. आशय असा, की इथे मौजेसाठी मासे धरा, खाऊ नका. आज ज्याला आपण जबाबदार मासेमारी म्हणतो, धरा आणि सोडा, ती या नदीवर पहिल्यांदा आली ती अशी. मला ती पाटी अन्यायाचीच वाटते. पाहुण्याच्या दृष्टीने प्रश्न सुटला: गळ टाका, झुंज द्या, फोटो काढा, परत जा. ज्याचं रोजचं अन्न मासा आहे त्याला मौजेसाठी धर म्हणून सांगणं म्हणजे त्याला हिशेबातूनच वगळणं. पर्यटनाचा हंगाम वाचावा म्हणून धोक्याची सूचना अशा आनंदी शब्दांत लिहिली गेली, यापलीकडे मला त्यात काही दिसत नाही.

वर लॅक सूलवर मात्र मासे सोडण्याची रीत वेगळ्या वाटेने रुजली. ड्रायडनचं पाणी तिथवर जात नाही. तिथे लॉजमालक, गाइड आणि प्रांताचे मत्स्य अधिकारी यांना कळून चुकलं, की मोठ्या माद्या ठेवल्या तरच तळं टिकेल. आज तिथे ४६ ते ५३ सेंटिमीटरमधला एकही वॉलआय ठेवता येत नाही, आणि ५३ च्या वरचा फार तर एक. पाइकसाठी त्या पट्ट्यात ७० ते ९० सेंटिमीटर ही सोडण्याची मापं आहेत. आणि कायद्यापेक्षा लोक पुढे गेलेत: एक मोठा ठेवायची मुभा असूनही बहुतेक जण ठेवत नाहीत. भिंतीवर लावायचाच असेल तर लांबी आणि घेर मोजून नेतात आणि त्या मापांवरून फायबरग्लासची प्रतिकृती करून घेतात.

सोडणं हे कसबाचं काम आहे. चांगला गाइड मासा होडीत घेतच नाही. रबरी जाळी पाण्यात, मासा जाळीत, लांब पक्कड तोंडात आणि गळ मोकळा. फोटोसाठी उचलायचा तर आडवाच. एक हात कल्ल्याच्या झाकणाखाली, दुसरा पोटाखाली. जबड्याला धरून उभा टांगला तर दहा किलोचं वजन मणक्यावर आणि आतड्यांवर येतं. मग शेपटीच्या देठाला धरून पाण्यात सरळ ठेवायचा आणि वाट पाहायची. मुठीत शेपूट घट्ट होते, एक झटका, हात ओला, मासा गेला. वॉलआय दहा मीटरहून खोल पाण्यातून ओढला तर एवढं करूनही उपयोग नसतो. दाब उतरल्याने त्याची हवेची पिशवी फुगते, तो वरून ठीक दिसतो आणि नंतर मरतो. म्हणून जाणते गाइड तेवढ्या खोलावर पाहुण्याला मोठ्या वॉलआयसाठी गळ टाकूच देत नाहीत, पाहुणा कितीही हट्टाला पेटला तरी.

या काळजीचं फळ लॅक सूलवर दिसतं. तिथे सत्तर सेंटिमीटरच्या वर जाणारे वॉलआय आजही मिळतात, आणि त्यांच्यासाठीच लोक दूरदूरहून येतात.

खाली नदी अजून सुधारायची आहे. १९८५ मध्ये ग्रासी नॅरोज आणि व्हाइटडॉगशी १.६७ कोटी डॉलर्सचा समझोता झाला. २०१७ मध्ये ऑन्टॅरियोने नदीच्या सफाईसाठी साडेआठ कोटी डॉलर्स राखून ठेवले. २०२० मध्ये केंद्र सरकारने पारापीडितांच्या शुश्रूषागृहासाठी करार केला. वाबिगूनवरच्या क्ले लेकमधल्या वॉलआयमध्ये पारा अजून मर्यादेच्या बराच वर आहे. वेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवलं, की ड्रायडनच्या गिरणीतून येणारं सल्फेट आणि सेंद्रिय द्रव्य चिखलातल्या जुन्या पाऱ्याचं मिथिल पारा होणं आजही वाढवतं आहे. त्याच वर्षी ग्रासी नॅरोजने दोन्ही सरकारांवर दावा लावला. त्यांचं मागणं मासे सोडायच्या मापांबद्दल नाही. मासे खाता येतील अशी नदी त्यांना हवी आहे.